टॅपेट, रॉकर आणि काकाची पद्मिनी

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये विषय निघाला. आमच्या टीममधल्या एका मुलीने (वय वर्षे २४) विचारलं, "सर, ती काळी-पिवळी फियाट नक्की बंद कधी झाली?" मी म्हटलं, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिचं आयुष्य कायद्याने संपलं. मग गप्पा डिकीवरच्या कॅरिअरकडे, सीलिंगच्या फुलाफुलांच्या रेक्झिनकडे आणि स्टिअरिंगला चिकटलेल्या गिअरच्या दांड्याकडे वळल्या. तिच्या इंजिनाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मी मूळचा मेकॅनिकलवाला, पोटासाठी जावा लिहिणारा. मला राहवेना. म्हणून या शनिवारचा लेख पद्मिनीच्या इंजिनाच्या सगळ्यात वरच्या वीतभर भागावर, म्हणजे सिलिंडर हेडवर.

घाबरू नका, गणित आठवीच्या पुढचं नाही. आणि शेवटी गोष्टही आहे. माझ्या काकाची.

आम्ही ट्रॉम्ब्याचे. (नवी मुंबईचं तुर्भे ते वेगळं. हे मानखुर्दच्या पुढचं, खाडीच्या टोकाचं.) काका टॅक्सी चालवायचा. रविवारी सकाळी गाडी दारात उभी असायची, बॉनेट उघडं, आणि काका कान लावून ऐकत असायचा. "टॅपेट वाजतंय रे," म्हणायचा. मला वाटायचं टॅपेट नावाचा एखादा पार्ट असेल जो बदलला की संपलं. प्रत्यक्षात ती एक फट असते. केसापेक्षा थोडी जाड.

तर आधी हे बघू की तिथे वर चाललेलं असतं काय.

प्रत्येक सिलिंडरला दोन दारं असतात. एक हवा-पेट्रोल आत घेणारं, दुसरं धूर बाहेर सोडणारं. ही दारं म्हणजे व्हॉल्व्ह. आकार छत्रीच्या आकाराच्या खिळ्यासारखा. स्प्रिंग त्यांना बंद ठेवते. उघडायचं काम कॅमशाफ्टचं. पद्मिनीत हा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये बसलेला, व्हॉल्व्ह मात्र वर हेडमध्ये उलटे टांगलेले. मग खालची हालचाल वर कशी न्यायची? तर कॅम एका लांब सळीला वर ढकलतो (पुशरॉड), सळी एका छोट्या तराजूच्या दांडीचं एक टोक उचलते (रॉकर), आणि दांडीचं दुसरं टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावर दाब देऊन त्याला खाली ढकलतं. आठ व्हॉल्व्ह, आठ पुशरॉड, आठ रॉकर, आणि सगळे रॉकर एकाच आडव्या शाफ्टवर ओवलेले. हा "एकाच शाफ्टवर" लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात थोडी फट ठेवावी लागते. कारण इंजिन तापलं की लोखंड वाढतं, आणि फट नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होणार नाही. फट जास्त झाली की टकटक आवाज, कमी झाली की व्हॉल्व्ह जळतो. जुने मेकॅनिक म्हणूनच सांगायचे की वाजणारं टॅपेट चाललं, गप्प बसलेलं चालायचं नाही. (आमच्या क्षेत्रातही हेच. एरर देणारा प्रोग्राम परवडला, चुपचाप चुकीचं उत्तर देणारा नको!)

आता थोडा इतिहास.

सुरुवातीच्या मोटारगाड्यांत आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला उघडायला काही यंत्रणाच नव्हती. पिस्टन खाली गेला की पोकळीच्या ओढीने तो आपोआप उघडायचा. हळू इंजिनात चालून गेलं. वेग वाढवायचा तर व्हॉल्व्हला वेळेवर उघडायला-मिटायला भाग पाडणं आलं. मग साइड-व्हॉल्व्ह आले: व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, उभे, कॅमच्या डोक्यावरच. फोर्डचं प्रसिद्ध मॉडेल टी (१९०८) याच जातीचं. साधं, स्वस्त, दुरुस्तीला सोपं. पण जळण्याची जागा पसरट आणि वाकडी होते, हवेला वळसा पडतो, कॉम्प्रेशन वाढवता येत नाही. ब्यूइकने १९०४ च्या सुमारासच व्हॉल्व्ह डोक्यावर नेले होते. आणि १९१२ च्या फ्रेंच ग्रां प्री मध्ये पेजोने कमाल केली. कॅमशाफ्टच वर नेले, तेही दोन, आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. जॉर्ज बॉयलो त्या गाडीवर जिंकला. आज आपल्या हॅचबॅकवर अभिमानाने लिहिलेलं असतं ते तंत्र शंभर वर्षांहून जुनं आहे, बोला!

पण रेसच्या गाडीला पैसा असतो, सामान्य माणसाच्या गाडीला नसतो. इथे येतो दांते जाकोसा. फियाटचा हा इंजिनिअर. १९३६ ची चिमुकली टोपोलिनो त्याची, १९५७ ची नवी फियाट ५०० सुद्धा त्याचीच. फियाटची ५०८ बलिल्ला ही १९३२ ची गाडी साइड-व्हॉल्व्ह होती. १९३७ मध्ये तिच्या जागी ५०८ सी आली, पुढे ११०० म्हणून ओळखली गेलेली. ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, चार सिलिंडर. गुणाकार करून बघा, १०८९ सीसी येतात. कॅम खालीच ठेवला, व्हॉल्व्ह वर नेले. साधेपणा आणि दम यांतली मधली वाट. ताकद ३२ हॉर्सपॉवर.

१०८९ हा आकडा ओळखीचा वाटला? पद्मिनीच्या कागदपत्रांवर तोच असायचा.

मधला दुवा म्हणजे वालचंद हिराचंद. सोलापूरचा जन्म (१८८२), जहाज कंपनी काढली, विमानाचा कारखाना बंगळूरला १९४० मध्ये सुरू केला, आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या जायच्या. १९५३ मध्ये वालचंद गेले, आणि १९५४ पासून कुर्ल्याला फियाट ११०० बनू लागली. १९६४ मध्ये मागे शेपटाचे पंख असलेली 'डिलाइट' आली, १९७४ मध्ये तिचं नाव झालं 'पद्मिनी'. नाव बदललं, इंजिनाचं कूळ तेच. १९३७ मध्ये इटलीत आखलेलं इंजिन या शतकाच्या तोंडावर कुर्ल्याहून बाहेर पडत होतं. ताकद वाढून झाली होती साधारण ४० हॉर्सपॉवर. बस्स.

म्हणजे इंजिन मुळातच मवाळ होतं का? इथेच खरी गंमत आहे.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इटलीत पैसा नव्हता, पण रेसचं वेड होतं. तुरिनच्या पिएरो दुसिओ या उद्योगपतीने ठरवलं की स्वस्तातली रेसिंग कार बनवायची. आराखडा दिला जाकोसानेच. गाडीचं नाव चिसितालिया डी-४६, आणि आत इंजिन फियाट ११०० चं. तेच, १०८९ सीसी. पण ताकद सुमारे ६० हॉर्सपॉवर. सप्टेंबर १९४६ मध्ये तुरिनच्या बागेत कोप्पा ब्रेत्सी ही रेस झाली आणि दुसिओ स्वतः जिंकला. त्याच रेसमध्ये तात्सिओ नुवोलारीच्या हातात स्टिअरिंग व्हील निखळून आलं. तो एका हाताने व्हील उंचावत आणि दुसऱ्या हाताने उरलेला दांडा पकडून गाडी चालवत राहिला. पुढच्या वर्षी, १९४७ च्या मिल्ले मिलियामध्ये, ५४ वर्षांचा आजारी नुवोलारी छोट्या चिसितालियात बसून मोठमोठ्या गाड्यांच्या पुढे होता. पावसाने इग्निशनमध्ये पाणी गेलं म्हणून दुसरा आला. पहिल्या आलेल्या अल्फा रोमिओचं इंजिन जवळजवळ तीन लिटरचं होतं.

आपल्याकडेही हे झालं. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर आपल्या फियाट पळायच्या, आणि १९८० पासून हिमालयन रॅलीतही दिसायच्या. म्हणजे चेंबूर नाक्यावर टाटा करून निघालेली टॅक्सी आणि शोलावरमला रोरावणारी गाडी, दोघींच्या पोटात एकच ब्लॉक. फरक कुठे? बराचसा त्या वीतभर हेडमध्ये.

काय करतात? तीन गोष्टी. एक, हेडची खालची बाजू घासून पातळ करतात, म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं. दोन, पोर्ट रुंद करून व्हॉल्व्ह मोठे घालतात. तीन, जास्त उचल देणारा कॅम घालतात, म्हणजे दार जास्त उघडतं आणि जास्त वेळ उघडं राहतं. ऐकायला सोपं. पण प्रत्येक बदलाबरोबर ती रॉकरची दांडी आपली जागा सोडते. इथून आठवीचं गणित सुरू.

रॉकरचं टोक शाफ्टभोवती फिरतं, म्हणजे ते वर्तुळाकार कमानीत जातं. व्हॉल्व्ह मात्र सरळ रेषेत खाली-वर होतो. कमान आणि सरळ रेष कधीच पूर्ण जुळत नाहीत. त्यामुळे रॉकरचं नाक व्हॉल्व्हच्या डोक्यावर थोडं घासत पुढे-मागे सरकतं. ही घसट म्हणजे व्हॉल्व्हला बाजूला ढकलणारा जोर. तो जोर झेलतो व्हॉल्व्हचा गाइड, म्हणजे तो ज्या नळीत सरकतो ती नळी. नळी झिजून अंडाकृती झाली की व्हॉल्व्ह डुलतो, सीटवर नीट बसत नाही, वर ऑइल आत गळून निळा धूर.

घसट शून्य करता येत नाही, कमीत कमी करता येते. नियम एका ओळीचा आहे: व्हॉल्व्ह बरोबर अर्धा उघडलेला असताना, रॉकरच्या शाफ्टपासून नाकापर्यंतची रेषा व्हॉल्व्हशी काटकोनात हवी. (नाक गोलसर असतं, म्हणून त्या गोलाईचा मध्य धरायचा.) म्हणजे कमानीचा अर्धा भाग काटकोनाच्या वर, अर्धा खाली.

आकडे घालू. समजा शाफ्टपासून नाकापर्यंत ३६ मिलिमीटर आणि व्हॉल्व्हची उचल ९ मिलिमीटर. (हे आकडे हिशोबापुरते, फियाटच्या मॅन्युअलमधले नव्हेत.) काटकोन अर्ध्या उचलीवर असेल तर नाक सरकतं सुमारे ०.२८ मिलिमीटर. आता कोणी आळशीपणाने व्हॉल्व्ह बंद असतानाच काटकोन ठेवला, तर नाक सरकेल १.१४ मिलिमीटर. चौपट! आणि हे चौपट केवळ या आकड्यांपुरतं नाही. घसट उचलीच्या वर्गाने वाढते, आणि काटकोन मधे ठेवल्याने उचल दोन अर्ध्यांत वाटली जाते. अर्ध्याचा वर्ग पाव.

आता रेससाठी कॅम बदलला. पूर्वी उचल ८ होती, आता १०. अर्धी उचल ४ ची ५ झाली, म्हणजे काटकोनाची जागा १ मिलिमीटर खाली गेली. मग शाफ्टही १ मिलिमीटर खाली बसवायला हवा, त्यासाठी शाफ्टचे स्टँड तेवढे घासायचे. झालं? नाही झालं. शाफ्ट १ मिलिमीटर खाली आला आणि व्हॉल्व्हकडचं टोक जागेवरच राहिलं, की दांडी तिरकी होऊन पुशरॉडकडचं टोक आणखी खाली जातं. व्हॉल्व्हकडची बाजू दुसऱ्या बाजूच्या दीडपट लांब असेल तर ते १.६७ मिलिमीटर खाली गेलं. म्हणजे पुशरॉड तेवढे आखूड हवेत. शिवाय कॉम्प्रेशनसाठी हेड घासलं असेल तर हेडच कॅमच्या जवळ आलं, तेव्हा पुशरॉड तेवढे आणखी आखूड. आणि हेड घासल्याने व्हॉल्व्ह पिस्टनच्याही जवळ आले, वर उचल वाढलेली. म्हणून पिस्टनवर मातीचा (मुलं खेळतात त्या क्लेचा) गोळा ठेवून, हेड बसवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं, पुन्हा उघडायचं आणि दबलेल्या मातीची जाडी मोजायची. जगभर हे असंच करतात. एका ठिकाणी बदल केला की चार ठिकाणी बघावं लागतं. आमच्याकडे याला डिपेंडन्सी म्हणतात आणि त्यासाठी मीटिंगा घेतात.

बरं, एवढी मरमर कशासाठी? पद्मिनीचं इंजिन ४८०० फेऱ्यांवर पूर्ण जोर देतं. त्या वेळी प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ४० वेळा उघडतो-मिटतो. सेकंदाला ४० वेळा ती घसट. रेसच्या गाडीत त्याहून जास्त, आणि स्प्रिंगाही कडक. चुकलेली भूमिती टॅक्सीला वर्षभराने रडवते, रेसच्या गाडीला एका दुपारी.

आता काकाची गोष्ट.

आमच्या ट्रॉम्ब्याच्या आसपास दोन रिफायनऱ्या आहेत. एक १९५४ ची, स्टॅनव्हॅकची, पुढे हिंदुस्तान पेट्रोलियमची झाली. दुसरी १९५५ ची, बर्मा शेलची, पुढे भारत पेट्रोलियमची झाली. लहानपणी रात्री खिडकीतून ती ज्योत दिसायची. काकाच्या गाडीत जळणारं पेट्रोल आमच्या शेजारीच बनायचं म्हणा ना. आणि त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. अमेरिकेत थॉमस मिजलीने १९२१ मध्ये शोधलं की शिशाचं एक संयुग घातलं की इंजिन ठोकत नाही. शिसं विषारी, मुलांच्या मेंदूला घातक, पण त्याचा एक छुपा फायदा होता. जळल्यावर त्याचा पातळ थर व्हॉल्व्हच्या सीटवर बसायचा आणि उशीसारखं काम करायचा. आपल्याकडे १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि २००० मध्ये देशभर शिसं गेलं. गेलं ते फार बरं झालं, यात शंका नको. पण जुन्या इंजिनांच्या मऊ सीटची उशी त्याबरोबर गेली.

लगोलग दुसरी गोष्ट झाली. मुंबईच्या हवेवरून उच्च न्यायालयात खटला चालला, आणि २००० नंतरच्या काही वर्षांत जुन्या टॅक्सींना सीएनजीवर जावं लागलं. हा गॅसही येतो ट्रॉम्ब्यावरूनच. बॉम्बे हायचा गॅस उरणला, उरणहून पाइपने ट्रॉम्ब्याला. गॅस स्वस्त, स्वच्छ. काकाने कर्ज काढून किट बसवलं. पण गॅस कोरडा. पेट्रोलचा थोडा ओलावा असतो तोही नाही. लाल तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कोरड्या मऊ सीटवर आपटतो, क्षणभर चिकटतो, सुटताना सीटचा कण उपटून नेतो. सेकंदाला काही डझन वेळा. हळूहळू व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो. व्हॉल्व्ह वर रुतला की त्याची दांडी रॉकरच्या दिशेने वर येते, आणि ती फट, काकाचं ते टॅपेट, नाहीशी होते. गप्प बसलेलं टॅपेट!

२००३ साल. मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. काकाची गाडी दर दोन-तीन महिन्यांनी दम सोडायची. गॅरेजवाला हेड उतरवायचा, सीट कापायचा, जळलेला व्हॉल्व्ह बदलायचा, स्क्रू सैल करून फट पुन्हा लावायचा, पैसे घ्यायचा. प्रत्येक वेळी तीन दिवस गाडी उभी. तीन दिवस धंदा नाही आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच. चौथ्यांदा हेड उतरलं तेव्हा काकाने पहिल्यांदा टॅक्सी विकायची भाषा केली. काकू काही बोलली नाही. चुलतभावाचं बारावीचं वर्ष होतं.

कोणीतरी चेंबूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी कोणा शौकिनाच्या रेसच्या फियाटवर काम करत, तिच्याबरोबर शोलावरमला जाऊन आलेले. मी काकाबरोबर गेलो, थोडा शिष्टपणा घेऊनच, कारण त्याच सत्रात आम्हाला कॅम आणि यंत्रांची भूमिती शिकवली होती. मिस्त्रींनी हेड बाकावर ठेवलं. व्हॉल्व्हच्या डोक्यांना मार्करची काळी शाई लावली, रॉकर बसवून हाताने दाबून दाबून व्हॉल्व्ह उघडले-मिटले, मग रॉकर काढले. शाई जिथे पुसली गेली होती तो पट्टा इनटेकवर बारीक आणि मध्यावर होता. एक्झॉस्टवर रुंद, आणि शाफ्टच्या बाजूच्या कडेपर्यंत गेलेला.

"बघ," मिस्त्री म्हणाले. "वॉल आत बसलाय. एक मिलिमीटर तरी. रॉकर मान वर करून बसलाय, म्हणून घासतोय. घासतोय म्हणून गाइड खाल्ला. गाइड खाल्ला म्हणून वॉल तिरका बसतोय. तिरका बसला की जळणारच. आणि हे लोक परत सीट कापतायत. म्हणजे अजून आत."

वर दिलेल्या आकड्यांत घालून मी घरी हिशोब केला. १ मिलिमीटर रुतल्याने घसट ०.२८ वरून ०.४२ झाली. दीडपट. आणि प्रत्येक दुरुस्तीने ती वाढतच होती. स्क्रू सैल केला की फट बरोबर दिसते, भूमिती मात्र चुकलेलीच राहते. दुरुस्तीच रोग वाढवत होती.

पण ते घरी. तिथे गॅरेजमध्ये मला लगेच उत्तर सुचलं आणि मी ते ऐकवलंही. "मग शाफ्टच्या स्टँडखाली एक मिलिमीटरचं पॅकिंग टाका ना. शाफ्ट तेवढाच वर जाईल, काटकोन परत आला!"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. रागावून नाही. "तू इंजिनेर ना? शाफ्ट किती आहेत?"

एक.

"आणि इनटेकचे वॉल? ते तर जागेवर आहेत. त्यांचं काय करशील?"

आठही रॉकर एकाच शाफ्टवर. चार सुधारायला गेलो असतो तर उरलेले चार बिघडले असते. मी गप्प.

त्यांनी केलं ते असं: जुन्या एक्झॉस्ट सीट काढून कडक धातूच्या नव्या बसवल्या, त्या अशा कापल्या की व्हॉल्व्ह मूळ उंचीवर येईल. गाइड नवे. प्रत्येक व्हॉल्व्हची उंची एकमेकांशी मोजून सारखी केली. स्प्रिंगांची उंचीही तपासली, कारण व्हॉल्व्ह रुतला की स्प्रिंग लांबते आणि ढिली पडते. मग परत शाई, परत पट्टा बघितला. खर्च दोन हप्त्यांएवढा आला. काकाने काकूची बांगडी ठेवली. हे मला खूप नंतर कळलं.

त्यानंतर त्या गाडीचं हेड दोन वर्षं उघडावं लागलं नाही. चुलतभाऊ बारावी झाला, डिप्लोमा झाला. बांगडी सुटली.

मी पास झालो आणि कँपसमधून सॉफ्टवेअरमध्ये आलो. असो. त्या वेळी आमच्या वर्गातले अर्धे आले.

आज ही सगळी कसरत संपली आहे का? बरीचशी. कॅम थेट व्हॉल्व्हच्या डोक्यावर आणला की पुशरॉड नाही, लांब दांडी नाही. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात २०१३ पासून केटीएम ३९० बनू लागली. इंजिन ३७३ सीसी, दोन कॅमशाफ्ट वर, चार व्हॉल्व्ह, मध्ये बोटाएवढे छोटे फॉलोअर आणि त्यांवर घर्षण कमी करणारा कार्बनचा थर. ताकद ४३ हॉर्सपॉवर. म्हणजे पद्मिनीच्या एकतृतीयांश आकारात पद्मिनीपेक्षा थोडी जास्तच ताकद. साधारण ९५०० फेऱ्यांवर तिचे व्हॉल्व्ह सेकंदाला जवळजवळ ८० वेळा हलतात. पण त्या बोटाएवढ्या फॉलोअरचं टोकही कमानीतच फिरतं आणि व्हॉल्व्ह सरळ रेषेतच जातो. काटकोन कुठे ठेवायचा हा प्रश्न तिथेही कोणीतरी सोडवलेला आहे. फक्त तो चेंबूरच्या बाकावर नव्हे, संगणकावर, एकदाच, सगळ्यांसाठी. बरंच झालं. त्यामुळे एखाद्याला चार वेळा हेड उतरवावं लागत नाही.

एकच वाटतं. पहिल्या गॅरेजवाल्याने काकाला फसवलं नव्हतं. त्याने दर वेळी समोर दिसणारी चूक प्रामाणिकपणे दुरुस्त केली. व्हॉल्व्ह जळला, बदल. फट गेली, लाव. ही चूक परत परत का होते, हे त्याने विचारलं नाही. मिस्त्रींनी पाच रुपयांच्या शाईने ते विचारलं. आणि मी, ज्याला परीक्षेत त्या विषयात चांगले मार्क होते, मी उत्तर आधी दिलं आणि शाफ्ट किती आहेत ते नंतर मोजले. कामावर अजूनही अधूनमधून हेच करतो.

काकाची टॅक्सी २०१३ मध्ये वीस वर्षांच्या नियमात गेली. कुर्ल्यातच भंगारात गेली, जिथे जन्मली त्याच्यापासून फार लांब नाही. काका आता घरी असतो. हा लेख लिहिताना त्याला फोन केला, म्हटलं मिस्त्रींनी नेमकं काय केलं होतं ते परत सांग. त्याने सगळं बरोबर सांगितलं, सीटचा आकारसुद्धा. मग म्हणाला, "तुझी ती नवीन गाडी आण एकदा रविवारी. ऐकून बघतो."

मी म्हटलं, "काका, तिचं टॅपेट वाजत नाही."

"मग तर बघायलाच हवी," तो म्हणाला.

तूर्तास इतकंच. पुढच्या शनिवारी भेटू.